गॅसवरचा ट्रक : नफा कोणाचा, जोखीम कोणाची?

१६ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईत मुख्य वायुवाहिनीला इजा झाली आणि वडाळ्याच्या केंद्राला होणारा गॅसपुरवठा कोलमडला. दोन-तीन दिवस शहरातील सीएनजी पंपांपुढे रिक्षा-टॅक्सींच्या रांगा लागल्या. वर्तमानपत्रांतून चर्चा झाली ती प्रामुख्याने प्रवाशांच्या गैरसोयीची, आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु त्याच रांगेत भाजीचा, औषधांचा, किराण्याचा माल भरलेले टेम्पो आणि ट्रकही उभे होते. त्यांचे भाडे बुडाले, फेऱ्या गेल्या, आणि महिनाअखेरीचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच खात्यातून वळता झाला. त्या हप्त्याची चर्चा फारशी कोणी केली नाही. आज आम्ही ती करणार आहोत.

मालवाहतुकीच्या धंद्यात सध्या गॅसवरच्या ट्रकचा मोठा बोलबाला आहे. डिझेलपेक्षा इंधन स्वस्त, धूर कमी, पर्यावरणाचे प्रमाणपत्र वेगळे; मग गॅसची गाडी का घेऊ नये, असा सरळ हिशेब मांडला जातो. हा हिशेब खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की तो अर्धा आहे. गॅसच्या ट्रकचा फायदा इंजिनात नसतो, तो करारात असतो. ज्याच्या हाती करार आहे त्याच्या पदरात नफा पडतो. ज्याच्या हाती केवळ स्टिअरिंग आणि कर्जाची वही आहे, त्याच्या पदरात जोखीम पडते.

प्रथम गॅसच्या बाजूने जे बोलले पाहिजे ते प्रामाणिकपणे बोलू. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्येच जाहीर केले. हा धूर सर्वांत जास्त कोण गिळतो? जो महामार्गाच्या कडेला, ट्रक टर्मिनलच्या मागे, गोदामांच्या शेजारी राहतो तो. भिवंडीच्या गोदामांभोवती आणि मानखुर्द-गोवंडीच्या रस्त्यांलगत कोणत्या वस्त्या आहेत हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिल्लीतील सर्व बसगाड्या सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला, तेव्हा तो आम्हाला संविधानाच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच विस्तार वाटला. मुंबईतही उच्च न्यायालयातील याचिकेनंतर जुन्या टॅक्सी गॅसवर आल्या. या शहरांची हवा आज निर्मळ झाली असे कोणीही म्हणणार नाही, पण बसच्या मागून निघणारा तो काळा लोट गेला हे खरे आहे.

मात्र दिल्लीच्या आदेशाचा दुसरा धडाही विसरता येत नाही. ३१ मार्च २००१ ही मुदत ठरली होती. त्या मुदतीत ना पुरेसे पंप उभे राहिले, ना पुरेशा गाड्या आल्या. मुदतवाढी झाल्या, एप्रिल २००२ मध्ये डिझेल बसवर दिवसाला पाचशे रुपयांपासून दंड लावावा लागला, आणि दरम्यान रिक्षावाले रात्र-रात्र रांगेत उभे राहिले. हवा सर्वांची सुधारायची होती. रांगेत मात्र विशिष्ट वर्गच उभा होता.

आता ट्रकांकडे वळू. जुलै २०२१ मध्ये नागपूरजवळ कामठी मार्गावर द्रवरूप नैसर्गिक वायूचे, म्हणजे एलएनजीचे केंद्र सुरू झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये टाटा मोटर्सने १९ आणि २८ टन वजनाचे सीएनजी ट्रक बाजारात आणले आणि एका भरणीत हजार किलोमीटरपर्यंत पल्ला मिळेल असे सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुण्याजवळच्या चाकणला ब्लू एनर्जी मोटर्सच्या एलएनजी ट्रकच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. देशातील सीएनजी पंप २०१४ साली हजाराच्या आत होते, ते आता सात हजारांच्या पुढे गेले आहेत. थोडक्यात, ही हौशी प्रयोगाची गोष्ट राहिलेली नाही.

पण २०२२ हेच वर्ष आमच्या मुद्द्याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. आकडे नीट पाहावेत. १ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्र सरकारने गॅसवरील मूल्यवर्धित कर १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. मुंबईत सीएनजी किलोमागे ६० रुपये झाला. तेव्हा मुंबईत डिझेल लिटरमागे शंभर रुपयांच्या आसपास होते. एका मध्यम ट्रकाचे उदाहरण घेऊ. समजा ही गाडी महिन्याला ६,००० किलोमीटर धावते, आणि सोयीसाठी असे धरू की लिटरला काय आणि किलोला काय, सहा किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज देते. म्हणजे महिन्याला हजार लिटर डिझेल किंवा हजार किलो गॅस. किलोमागे ४० रुपये वाचले, तर महिन्याला ४० हजार रुपये हाती राहिले. समजा डिझेलच्या गाडीपेक्षा गॅसच्या गाडीला चार लाख रुपये जास्त मोजले, तर ते दहा महिन्यांत वसूल! कोणाच्याही तोंडाला पाणी सुटावे असा हा धंदा.

आता सातच महिने पुढे जाऊ. ५ नोव्हेंबर २०२२ ला मुंबईत सीएनजी ८९ रुपये ५० पैसे झाला. डिझेल तोवर ९४ रुपये २७ पैशांवर उतरले होते. फरक उरला ४ रुपये ७७ पैसे. त्याच गाडीची, त्याच रस्त्यावरची बचत महिन्याला ४,७७० रुपये. तेच चार लाख वसूल व्हायला आता सात वर्षे लागणार, तीही व्याज न धरता! इंजिन तेच, ड्रायव्हर तोच, माल तोच. बदलली ती फक्त एक संख्या, आणि ती संख्या ठरवण्यात गाडीमालकाचा काडीचाही वाटा नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये गॅस पुन्हा ७९ रुपयांवर आला आणि फरक पंधरा रुपयांवर गेला. पण ज्याचे मधले हप्ते थकले, त्याला हा दिलासा मिळेपर्यंत गाडी दारात राहिली होती काय, हा खरा प्रश्न आहे.

ही संख्या बदलली कशी? देशातील जुन्या विहिरींच्या गॅसचा सरकारी दर मार्च २०२२ पर्यंत २.९० डॉलर होता, एप्रिलमध्ये ६.१० झाला आणि ऑक्टोबरमध्ये ८.५७. हा देशी गॅस पुरत नाही. देशाच्या एकूण गरजेपैकी निम्म्याच्या आसपास गॅस जहाजाने येतो. आशियाच्या खुल्या बाजारात ज्या गॅसला २०२० साली दोन डॉलरच्या आसपास भाव होता, त्याचाच भाव युक्रेनवरील हल्ल्यानंतर २०२२ मध्ये ७० डॉलरच्या वर गेला. गेलशी केलेल्या दीर्घ मुदतीच्या करारातील जहाजेही गाझप्रॉमच्या कंपनीकडून येईनाशी झाली. युद्ध युरोपात चालले होते आणि त्याचा हप्ता कळंबोलीचा गाडीमालक फेडत होता.

सरकारने ६ एप्रिल २०२३ रोजी किरीट पारीख समितीच्या अहवालानंतर नवे सूत्र आणले. दर खनिज तेलाच्या किमतीच्या दहा टक्के, पण चार डॉलरच्या खाली नाही आणि साडेसहाच्या वर नाही. ही मर्यादा योग्य होती आणि तिचे आम्ही स्वागतच करतो. परंतु दराला मर्यादा घातली, पुरवठ्याला हमी दिली नाही. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शहरी गॅस कंपन्यांना मिळणाऱ्या या स्वस्त गॅसच्या वाट्यात लागोपाठ कपात झाली. उरलेली गरज महागड्या गॅसने भागवावी लागली. पुढे काही वाटा परत मिळाला. पण देणारा हात उद्या पुन्हा आखडला जाणार नाही याची लेखी हमी गाडी विकत घेणाऱ्याला कोणी दिली आहे?

महाराष्ट्राला तर हा धडा नव्याने शिकण्याची गरजच नव्हती. गुहागरच्या किनाऱ्यावर एन्रॉनने आम्हाला तो आधीच शिकवला आहे. १९९३ चा वीजखरेदी करार, त्यात डॉलरशी बांधलेला दर आणि इंधनाचा वाढीव खर्च ग्राहकाच्या माथी मारणारी कलमे. प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. त्याच दाभोळला गॅसचे पहिले जहाज लागायला २०१३ साल उजाडले, आणि लाटरोधक भिंत पुरी नसल्याने पुढे अनेक वर्षे पावसाळ्यात तिथे जहाज लागत नव्हते. गॅस स्वस्त की महाग हे बाजारात दिसते. तो कोणाला स्वस्त आणि कोणाला महाग हे करारातील बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

परदेशाचा अनुभव काय सांगतो? अमेरिकेत २००८ मध्ये टी. बून पिकन्स या तेल उद्योजकाने अवजड ट्रक गॅसवर आणण्याची मोठी मोहीम चालवली. खडकांत अडकलेला गॅस काढण्याचे तंत्र फोफावले, गॅस स्वस्त झाला, खनिज तेल पिंपामागे शंभर डॉलरच्या वर होते, आणि अनेक वाहतूक कंपन्यांनी गॅसचे ट्रक घेतले. २०१४ च्या मध्यानंतर तेल कोसळले आणि २०१६ च्या सुरुवातीला तीस डॉलरच्याही खाली गेले. लांब पल्ल्याच्या ट्रकांचा उत्साह तिथेच ओसरला. टिकून राहिले कोण? कचरा वाहणाऱ्या कंपन्यांचे ताफे. कारण त्यांची गाडी रोज ठरल्या रस्त्याने जाते, संध्याकाळी स्वतःच्या आवारात परतते, रात्री स्वतःच्याच पंपावर भरते. चीनमध्ये २०२३ साली दीड लाखांच्या आसपास एलएनजी ट्रक विकले गेले. तेही डिझेल आणि गॅस यांच्या दरात मोठा फरक होता म्हणून, आणि गॅस भरण्याच्या केंद्रांचे दाट जाळे आधी उभे होते म्हणून.

यावरून जी बाब स्पष्ट होते ती अशी. ज्याचा मार्ग ठरलेला, ज्याचा पंप हाताशी, ज्याचा गॅसचा दर करारात बांधलेला आणि ज्याच्या गाठीला वाईट वर्ष काढण्याइतका पैसा, त्याला गॅसचा ट्रक फायद्याचा आहे. सिमेंट, पोलाद, घरपोच माल पोहोचवणाऱ्या मोठ्या कंपन्या या चारही अटी पुऱ्या करतात. एक-दोन गाड्यांचा मालक यांपैकी एकही अट पुरी करत नाही. आणि या देशातील बहुतांश ट्रक अशाच लहान मालकांच्या नावावर आहेत.

फरक तांत्रिक बाबींतही आहे. एलएनजी उणे १६२ अंशांवर द्रवरूपात ठेवावा लागतो. गाडी रोज धावत असेल तर काही बिघडत नाही. पण भाडे मिळाले नाही म्हणून गाडी आठवडाभर उभी राहिली, तर टाकीत दाब वाढतो आणि गॅस हवेत सोडून द्यावा लागतो. मोठ्या ताफ्याची गाडी सहसा उभी राहत नाही. लहान मालकाचीच राहते. शिवाय हवेत सुटलेला हा मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पट तापमानवाढ करतो. म्हणजे गरिबाचा तोटा आणि पृथ्वीचा तोटा एकाच नळीतून बाहेर पडतो. सीएनजीच्या गाडीत नळकांड्यांचे वजन आहे, दर तीन वर्षांनी त्यांची हायड्रो टेस्ट आहे, आणि त्या दिवसांची रोजी बुडते ती वेगळीच.

आमच्या वकिलीच्या व्यवसायात आलेली एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे. एक तरुण पक्षकार आमच्याकडे आला. बापजाद्यांनी हमाली केली, हा पहिलाच गाडीमालक. २०२२ च्या उन्हाळ्यात त्याने गॅसची गाडी घेतली. त्याच्या हातात एका बड्या मालवाहू कंपनीच्या पोटठेकेदाराने दिलेला वाहतुकीचा करार होता. आम्ही तो वाचला. त्यात इंधनवाढीचे कलम होते, पण ते डिझेलच्या दराशी बांधलेले! डिझेल वाढले तर भाडे वाढेल, उतरले तर उतरेल. गाडी गॅसवर, कलम डिझेलवर. त्या वर्षी गॅस चढत गेला, डिझेल उतरून स्थिर झाले, आणि भाडे वाढले तर नाहीच, उलट कमी झाले. वर ठेकेदाराचे म्हणणे, ‘तुझी गॅसची गाडी आहे ना, तुला परवडते, मग आणखी थोडे कमी घे.’ चार हप्ते थकले आणि एका पहाटे फायनान्सवाल्यांची माणसे गाडी घेऊन गेली.

गुंड पाठवून गाडी उचलता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये प्रकाश कौर प्रकरणात स्पष्टपणे सांगितले आहे. कायदा आमच्या बाजूने होता. पण कर्जाच्या करारात लवादाचे कलम होते, लवादाचे ठिकाण दुसऱ्या राज्यातील शहरात होते, आणि तिथे जायला लागणारे तिकीट त्या तरुणाच्या खिशात नव्हते. प्रकरण अखेर तडजोडीने मिटले. गाडी गेली ती गेलीच. आज तो दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे. गॅसच्या ट्रकच्या नफ्याचे तक्ते आम्ही पाहतो, तेव्हा त्यांत या तरुणाचा रकाना आम्हाला कुठेच आढळत नाही.

ड्रायव्हरचा प्रश्नही निराळा नाही. पंपावरील रांगेत गेलेले दोन-तीन तास कोणाच्या खाती जमा होतात? ड्रायव्हरला पैसे फेरीवर मिळतात. म्हणजे मालाच्या मालकाने वाचवलेल्या इंधनाची किंमत ड्रायव्हर आपल्या झोपेने चुकती करतो. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती, पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी श्रमसंहिता अमलात आली आणि त्यात हा आकडा दहावर गेला! मुंबईत ज्या आठवड्यात ड्रायव्हर गॅसच्या रांगेत उभे होते, त्याच आठवड्यात लहान मालकांकडे काम करणारे हजारो ड्रायव्हर या संरक्षणापासून आणखी दूर गेले. यावर कोणत्या पंपावर घोषणा झाली?

कोणी म्हणेल, मग तुमचा गॅसला विरोध आहे काय? मुळीच नाही. महामार्गालगतच्या वस्तीत राहणाऱ्याला धुरापासून सुटका हवीच आहे. आमचा विरोध आहे तो स्वच्छ हवेचा खर्च सर्वांत दुबळ्या खांद्यावर ठेवण्याला. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

पहिली, वाहतुकीसाठीच्या देशी गॅसचा वाटा किमान वर्षभर आधी जाहीर व्हावा आणि मध्येच कापला जाऊ नये. ज्याने पाच वर्षांचे कर्ज काढले, त्याला पंधरवड्याच्या धोरणावर जगायला लावणे हा अन्याय आहे.

दुसरी, वाहतुकीच्या करारातील इंधनवाढीचे कलम गाडीत प्रत्यक्ष जळणाऱ्या इंधनाच्या दराशीच बांधलेले असावे, असा नियम शासनाने करावा. सुरुवात सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांच्या ठेक्यांपासून करावी. यासाठी सरकारला एक रुपयाही खर्च नाही.

तिसरी, मागासवर्गीय विकास महामंडळांच्या बीजभांडवल योजनांतून गाडी घेणाऱ्या तरुणांसाठी, डिझेल आणि गॅसमधील दरफरक ठरावीक मर्यादेच्या खाली आला की हप्ता आपोआप लांबावा अशी तरतूद कर्जातच असावी. लवादाचे ठिकाण कर्जदाराचा जिल्हा हेच असावे.

चौथी, महामार्गांवर ट्रक वळेल एवढ्या जागेचे, वेगाने गॅस भरणारे पंप आधी उभारावेत आणि गाड्या नंतर खपवाव्यात. नोव्हेंबर २०२० मध्ये तीन वर्षांत एक हजार एलएनजी केंद्रे उभारण्याची घोषणा झाली होती. तीन वर्षे सरली तेव्हा त्यांतील एक दशांशही उभी नव्हती. आणि रांगेतील वेळ हा ड्रायव्हरच्या कामाचाच वेळ मानून त्याचा मोबदला मिळावा, मग मालकाकडे एक ड्रायव्हर असो की शंभर.

पाचवी, २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, पण नैसर्गिक वायू अजून जीएसटीच्या बाहेरच आहे. प्रत्येक राज्याचा कर वेगळा, म्हणून सीमा ओलांडली की हिशेब वेगळा. गाडी स्वस्त करून विकायची आणि इंधन मात्र अनिश्चित ठेवायचे, हा आमिष दाखवण्याचा प्रकार झाला.

शेवटी गाडी घेण्याच्या विचारात असलेल्या आमच्या तरुणांना एक कळकळीचे सांगणे आहे. शोरूममध्ये दाखवलेला बचतीचा तक्ता घरी आणा आणि त्यात गॅस व डिझेल यांच्यातील फरक पाच रुपये धरून हिशेब पुन्हा करा. तरीही हप्ता निघत असेल तर खुशाल गाडी घ्या. निघत नसेल तर थांबा, किंवा चार-पाच जण मिळून सहकारी संस्था काढा, म्हणजे गॅस कंपनीशी आणि मालवाल्याशी एकत्र बोलता येईल. आणि करारावर सही करण्यापूर्वी इंधनाचे कलम आणि लवादाचे कलम, ही दोन कलमे कोणाकडून तरी वाचून घ्या. वकिलाची फी नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे दार उघडे आहे. गाडी गेल्यावर आमच्याकडे येण्यापेक्षा सही करण्यापूर्वी या.